बीडच्या उन्हाळ्यात मधमाश्यांचा आहार

चैत्र-वैशाखात बीडहून अंबाजोगाईकडे किंवा पाटोद्याहून आष्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावर रसवंतीगृहे लागतात. लाकडी चरकाची जागा आता यंत्राने घेतली असली, तरी उसाच्या चोथ्याभोवती घोंगावणाऱ्या मधमाश्या तशाच आहेत. रसाच्या भांड्यात बुडून मेलेल्या माश्या मालक चाळणीने काढून टाकतो, गिऱ्हाईक हात झटकते आणि बात तेथेच संपते. मधमाशी फुलावरची, ती चोथ्यावर का आली, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. त्याचे उत्तर साधे आहे. परिसरात फुले उरलेली नसतात. फुलांतला मकरंद मिळत असता तर मधमाशी चोथ्याकडे फिरकलीही नसती. रसवंतीवरील मधमाश्यांची गर्दी ही त्या शिवारातील दुष्काळाची एक खूणच मानावी.

माणसांसाठी टँकर आणि जनावरांसाठी चारा छावण्या ही व्यवस्था बीड जिल्ह्याला अपरिचित नाही. १९७२ चा दुष्काळ जुन्या पिढीच्या स्मरणात आहे. २०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८-१९ ही वर्षे तर कालपरवाची. २०१९ च्या उन्हाळ्यात या जिल्ह्यात शेकडो छावण्या उभ्या होत्या. मधमाशीपालन करणाऱ्याच्या पेटीतील जीव मात्र कोणत्याही छावणीत मावत नाहीत. त्यांचा चारा त्यांच्या पालकालाच पुरवावा लागतो. तो केव्हा, किती आणि कसा द्यावा, याची माहिती नसल्यामुळे हौसेने आणलेल्या पेट्या पहिल्याच उन्हाळ्यात रिकाम्या होतात आणि ‘आपल्या भागात हा धंदा चालत नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष पूर्णपणे खरा नाही.

अतिवृष्टीची टंचाई आणि अनावृष्टीची टंचाई

महाराष्ट्रात आधुनिक मधमाशीपालनाची सुरुवात महाबळेश्वरच्या डोंगरात १९४६ साली झाली. पुढे १९६२ मध्ये पुणे येथे केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था स्थापन झाली. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आजही महाबळेश्वर येथेच आहे. त्याच तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. साहजिकच राज्यातील मधपाळांचे बरेचसे अनुभवज्ञान सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर घडले आहे.

त्या घाटमाथ्यावर टंचाई येते ती पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर संततधार लागली की माशीला पेटीबाहेर पडता येत नाही आणि फुलांतील मकरंद धुऊन जातो. म्हणून तेथील मधपाळ पावसाळ्यात साखरपाक देतात. युरोप-अमेरिकेतील पुस्तके उघडली, तर त्यांतील सारा भर हिवाळ्यावर असतो. बर्फाचे महिने निघावेत म्हणून शरद ऋतूत घट्ट पाक देऊन पोळी भरून घ्यावीत, असे ती सांगतात. बीडच्या मधपाळाला ही दोन्ही वेळापत्रके जशीच्या तशी उपयोगी नाहीत. सरासरी साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर पावसाच्या या जिल्ह्यात, त्यातही आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या पर्जन्यछायेतील तालुक्यांत, खरा कठीण काळ एप्रिलच्या मध्यापासून पहिल्या पावसानंतर तणे फुलेपर्यंतचा. पाऊस लांबला तर तो जुलै-ऑगस्टपर्यंतही ओढला जातो.

शिवाराचे पंचांग

पूरक आहाराचा विचार करण्यापूर्वी आपल्या शिवारात केव्हा काय फुलते, हे प्रत्येकाने लिहून ठेवणे आवश्यक आहे. जिल्ह्याचे ढोबळ चित्र असे दिसते. पावसाळ्याच्या मध्यापासून बाभूळ व हिवर फुलतात. भाद्रपदाच्या सुमारास बाजरी निसवते आणि मधमाश्या भल्या सकाळी तिच्या कणसांवरून पराग गोळा करताना दिसतात. बाजरीत मकरंद नाही, परंतु पराग भरपूर. तीळ आणि बोर त्याच सुमारास. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तूर फुलू लागते आणि पेट्यांना खरे बळ येते. जानेवारी-फेब्रुवारीत करडई, कोथिंबीर व बियाण्याचा कांदा. जेथे बागा आहेत तेथे मोसंबी व डाळिंब. त्यानंतर गिरिपुष्प, जांभूळ, कडुनिंब, करंज आणि शेवटी चिंच. करंज ओसरला की माळ मोकळा होतो.

बालाघाटच्या डोंगरउतारावरील सीताफळ हे जिल्ह्याचे भूषण आहे. २०१६ मध्ये त्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु सीताफळाच्या फुलावर मधमाशीचे पोट भरत नाही. त्याचे परागीभवन लहान भुंगेरे करतात. म्हणून सीताफळाचा डोंगर जवळ आहे एवढ्यावर विसंबून पेट्या ठेवू नयेत.

याहून अधिक गंभीर बाब पीकबदलाची आहे. एकेकाळी मराठवाड्यात करडई आणि सूर्यफूल यांचे क्षेत्र मोठे होते. तेलबियांची ती पिवळी-केशरी शेते आक्रसली आणि त्यांची जागा सोयाबीनने घेतली. जायकवाडी व माजलगावच्या पाण्याखालील गेवराई-माजलगाव पट्ट्यात ऊस वाढला. ऊस फुलण्याआधीच तुटतो आणि फुलला तरी त्याच्या तुऱ्यात मकरंद नसतो. सोयाबीन स्वपरागी असून मधमाश्यांना त्यापासून फारसे काही मिळत नाही. कापसात मकरंद असतो, पण तेथे फवारणीचा धोका. त्यामुळे भर पावसाळ्यात सारे शिवार हिरवेगार दिसत असताना पेटीतील माश्या उपाशी असू शकतात. हा हिरवा दुष्काळ डोळ्यांना दिसत नाही, आणि म्हणूनच तो अधिक फसवा.

भूक कशी ओळखावी

पाळीव मधमाश्यांत आपली देशी सातेरी आणि परदेशातून आणलेली मेलिफेरा या दोन प्रमुख जाती. सातेरीसाठी आठ चौकटींची, मेलिफेरासाठी दहा चौकटींची लँगस्ट्रॉथ पेटी सामान्यतः वापरतात. आग्यामोहोळाच्या माश्या पाळता येत नाहीत. फुलोरा संपला की त्या पोळे टाकून दूरच्या मुलखात निघून जातात. दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी निघणाऱ्या बैलगाड्या व ट्रॅक्टरांची आठवण यावी, असेच ते स्थलांतर. सातेरीच्याही रक्तात ही सवय आहे. पेटीत अन्नाचा साठा संपला, राणीची अंडी थांबली, वर उन्हाची काहिली, की एके दिवशी सकाळी संपूर्ण वसाहत पेटी सोडून जाते. मेलिफेरा सहसा जात नाही, ती जागीच खंगते. पालकाचे नुकसान दोन्हीकडे सारखेच.

दर आठवड्याला पेटी उघडून पाहणे हा उत्तम मार्ग. परंतु कडक उन्हात पेटी वारंवार उघडणे योग्य नाही. अशा वेळी पेटीची मागची बाजू हाताने किंचित उचलून वजनाचा अंदाज घ्यावा. थोड्या सवयीने भरलेली व रिकामी पेटी हाताला कळते. पेटी उघडल्यास पुढील गोष्टी पाहाव्यात. अंड्या-अळ्यांच्या वरच्या बाजूस मधाची कमान असते, ती शिल्लक आहे का? अळ्यांभोवती पांढरट, ओलसर अन्न दिसते का, की त्या कोरड्या पडल्या आहेत? परागाने भरलेली घरे आहेत का? कामकरी माश्या नरांना ओढून बाहेर काढू लागल्या, पेटीच्या दारात अर्धवट अळ्या टाकलेल्या दिसल्या, किंवा माश्या घरात डोके खुपसून निपचित पडल्या असल्या, तर भूक पराकोटीला पोहोचली आहे असे समजावे. तिसरी खूण दिसेपर्यंत थांबणाऱ्यास पुष्कळदा उशीर झालेला असतो.

साखरपाकाची कृती

पाक करणे अत्यंत सोपे आहे, तरीही चुका तेथेच होतात. एक किलो स्वच्छ पांढऱ्या साखरेस एक लिटर पाणी घ्यावे. पाणी आधी उकळावे, भांडे विस्तवावरून उतरवावे आणि मग साखर घालून ढवळावे. साखर घातल्यावर पाक आटवीत बसू नये. मिठाईचा पाक आणि मधमाशीचा पाक यांत हाच फरक आहे. करपलेली किंवा फार तापलेली साखर मधमाश्यांना बाधते. त्याच कारणासाठी पाकात लिंबू पिळून उकळण्याचा प्रयोगही करू नये. पाक पूर्ण थंड झाल्यावरच द्यावा.

उन्हाळ्यात एकास एक हेच प्रमाण ठेवावे. दोन भाग साखर व एक भाग पाणी असा घट्ट पाक साठा भरण्यासाठी असतो. तो पचविण्यासाठी माश्यांना बाहेरून पाणी आणावे लागते, आणि बीडच्या मे महिन्यात पाणी हीच दुर्मीळ वस्तू. सातेरीच्या एका पेटीस दर आठवड्याला सुमारे २०० ग्रॅम साखरेचा पाक हे सर्वसाधारण प्रमाण आहे. तेवढ्याच पाण्यात तो सव्वातीनशे मिलिलिटरच्या आसपास भरतो. तो एकदम न देता दोन वेळा विभागून द्यावा. मेलिफेराची वसाहत मोठी असल्याने तिला याच्या दुप्पट व कधी त्याहून जास्त लागतो. माश्यांनी झाकलेल्या चौकटी मोजून ते ठरवावे.

दहा सातेरी पेट्या बाळगणाऱ्याने बारा आठवड्यांचा कठीण काळ धरला, तर २४ किलो साखर लागेल. एवढ्या साखरेची किंमत एक नवी वसाहत पेटीसह विकत घेण्याच्या खर्चापेक्षा कमी भरते. हा हिशेब एकदा कागदावर मांडला, की साखर ‘वाया’ जाते असे वाटणार नाही.

पाक देण्यासाठी महागडे साधन लागत नाही. रुंद तोंडाची बाटली घेऊन तिच्या झाकणास खिळ्याने बारीक छिद्रे पाडावीत आणि ती चौकटींच्या वर पालथी ठेवावी. वरून रिकामी मधकोठी व झाकण लावावे. उथळ वाटीत पाक दिल्यास त्यात वाळलेल्या काटक्या किंवा कडब्याचे तुकडे तरंगत सोडावेत. तसे न केल्यास माश्या बुडून मरतात आणि पालक रसवंतीवाल्याहून वेगळा ठरत नाही.

वेळ संध्याकाळचीच असावी. दिवसा पाक दिल्यास त्याच्या वासाने शेजारच्या पेट्यांतील माश्या दुबळ्या पेटीवर तुटून पडतात आणि लूटमार सुरू होते. एकदा ती भडकली की आवरणे कठीण. म्हणून सर्व पेट्यांना एकाच संध्याकाळी पाक द्यावा, थेंबही बाहेर सांडू देऊ नये आणि दुबळ्या पेटीचे दार एखाददुसरी माशी जाईल इतके अरुंद करावे. उघड्यावर परातीत पाक ठेवून सर्वांना एकत्र खाऊ घालण्याची रीत काही ठिकाणी दिसते. ती सोयीची असली तरी सशक्तांचेच पोट भरते, आणि रोग एका पेटीतून दुसरीत जाण्यास वाट मिळते. मुंग्यांचा उपद्रव टाळण्यासाठी स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. उन्हात पाक दोन-तीन दिवसांत आंबतो. आंबूस वास येताच उरलेला टाकून द्यावा व बाटली गरम पाण्याने धुवावी.

गूळ का नको

शेतकरी बांधवांचा एक स्वाभाविक प्रश्न असतो. साखर कारखान्यातली, गूळ घरचा. मग माशीला गूळच अधिक मानवणार नाही का? माणसाच्या बाबतीत हा युक्तिवाद कदाचित चालेल, मधमाशीच्या बाबतीत नाही. गुळात, तसेच काकवी, मळी व तपकिरी साखरेत क्षार आणि न पचणारे घटक राहिलेले असतात. मधमाशी पेटीत विष्ठा करीत नाही. ती बाहेर उडून जाईपर्यंत पोटात साठवते. न पचणारा भाग वाढला की हगवण लागते आणि पेटीच्या दर्शनी भागावर तपकिरी डाग दिसू लागतात. येथे शुद्ध पांढरी साखरच हितकर. बाजारातून आणलेला किंवा दुसऱ्याच्या पेटीतला मध खाऊ घालणेही धोक्याचे आहे, कारण त्यातून अळ्यांचे सडण्याचे रोग येऊ शकतात. स्वतःच्या निरोगी पेटीतील मधाची चौकट मात्र खुशाल द्यावी. तिच्याइतके उत्तम खाद्य नाही.

परागाची उणीव

साखरेने माशी जगते, पण वंश वाढत नाही. अळीच्या वाढीस प्रथिने लागतात आणि ती परागातूनच येतात. तरुण कामकरी माश्या पराग खाऊन डोक्यातील ग्रंथींतून जे अन्न स्रवतात, त्यावर राणी व अळ्या पोसल्या जातात. पराग आटला की ग्रंथी आटतात, राणीची अंडी थांबतात. पाक भरपूर देऊनही पेटी वाढत नाही, अशी तक्रार असते तेव्हा बहुधा हेच कारण असते.

अशा वेळी परागाला पर्याय म्हणून तेल काढलेल्या सोयाबीनचे पीठ तीन भाग, सुकी ब्रुअर्स यीस्ट एक भाग आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी एक भाग असे मिश्रण करता येते. ते घट्ट साखरपाकात किंवा स्वतःच्या पेटीतील मधात कणकेसारखे मळून त्याची पातळ वडी करावी, चिरा पाडलेल्या मेणकागदात ठेवावी व अंड्या-अळ्यांच्या चौकटींवर थेट टेकवावी. दूर ठेवलेली वडी माश्या खात नाहीत. सोयाबीन घरचे असले तरी कच्चे दळून वापरू नये. त्यातील काही घटक पचनास अडथळा करतात. तेल काढताना तापविलेल्या पेंडीचे बारीक पीठ योग्य. भाजलेल्या हरभऱ्याचे पीठही काही मधपाळ मिसळतात. वडी लहान करावी आणि आठवड्यात न संपल्यास बदलावी. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगावयास हवी की, आजवर कोणतीही वडी परागाची पूर्ण बरोबरी करू शकलेली नाही.

पाणी आणि सावली

अंड्या-अळ्यांचा भाग चौतीस-पस्तीस अंश तापमानावर राहावा लागतो. बाहेर पारा बेचाळीसच्या वर गेला की माश्या पाणी आणून पोळ्यावर पसरतात आणि पंखांनी वारा घालून गारवा निर्माण करतात. पाणवठा लांब असेल तर खाद्य आणणाऱ्या साऱ्या माश्या पाण्यावरच खर्ची पडतात. पेट्यांपासून वीस-तीस पावलांवर पसरट परात ठेवावी, तीत खडे घालून पाणी भरावे आणि ते रोज बदलावे. गावाला टँकरने पाणी येत असले तरी दहा पेट्यांना लागणारे पाणी एका-दोन तांब्यांचेच असते. पेट्या कडुनिंब-चिंचेच्या सावलीत ठेवाव्यात. झाड नसेल तर वर पाचटाचे किंवा तुराट्यांचे छप्पर करावे.

पाक केव्हा थांबवावा

पूरक आहाराचा दुसरा उपयोग हंगामाच्या तयारीसाठी आहे. अंड्यापासून माशी बाहेर येण्यास सुमारे तीन आठवडे आणि ती फुलांवर जाण्यायोग्य होण्यास आणखी जवळजवळ तीन आठवडे लागतात. म्हणजे ऑक्टोबरअखेर फुलणाऱ्या तुरीवर काम करणारी माशी सप्टेंबरच्या मध्यापूर्वी अंड्याच्या रूपात पेटीत असली पाहिजे. त्या वेळी थोडा थोडा पातळ पाक दिल्यास राणीस चालना मिळते. तूर फुलल्यावर पेट्या हलवून आणणाऱ्याच्या शेतात माश्या बऱ्याच, पण कामाच्या कमी, असे जे घडते, त्यामागे पुष्कळदा हा हिशेब चुकलेला असतो.

फुलोरा सुरू होताच पाकाची बाटली काढून घ्यावी. मधकोठी चढविल्यानंतर पाक देणे ही भेसळ आहे. मग हेतू कितीही निष्पाप असो. माश्या पाक घेतात, त्यावर प्रक्रिया करतात आणि घरांत साठवून मेणाने बंदही करतात. दिसण्यात तो मधच असतो. परंतु तो फुलांचा नव्हे. प्रयोगशाळेत ते लपत नाही. ऊस, मका, ज्वारी यांची हवेतील कार्बनपासून साखर बनविण्याची रीत तूर, करडई, करंज यांच्याहून वेगळी आहे. त्यामुळे उसाच्या साखरेत जड कार्बनचे प्रमाणही वेगळे असते आणि भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या मानकांत या तपासणीचा समावेश आहे. टंचाईत साठविलेला पाक चौकटीत उरला असल्यास त्या चौकटीवर खूण करावी, ती मधयंत्रात घालू नये, माश्यांनाच ठेवावी.

कोणी सुरू करावे

मधमाशीपालनास जमीन लागत नाही, म्हणून ते भूमिहीनांसाठी योग्य, असे नेहमी म्हटले जाते. बीडमध्ये त्यास एक अडचण आहे. तूर व करडई फुलते त्याच महिन्यांत येथील असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात असतात. ती परततात तेव्हा फुलोरा सरलेला असतो आणि साखरपाकाचे दिवस आलेले असतात. कुटुंबातील कोणी गावी राहणार असेल, किंवा महिला बचत गटाने मिळून पेट्यांची पाळी वाटून घेतली असेल, तरच हा व्यवसाय टिकतो. पेट्या घेण्यापूर्वी याचा विचार व्हावा. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मधकेंद्र योजनेत प्रशिक्षणाबरोबर ५० टक्के अनुदान व ५० टक्के स्वगुंतवणूक अशी तरतूद आहे. आपली निम्मी रक्कम गुंतवताना पहिल्या उन्हाळ्याच्या साखरेचे पैसे बाजूला काढून ठेवावेत. जिल्ह्यात अंबाजोगाईजवळ दिघोळअंबा येथे आणि गेवराई तालुक्यात खामगाव येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. आपल्या शिवारातील फुलोऱ्याविषयी तेथे विचारपूस करता येईल.

बांधावर शेवगा, गिरिपुष्प, करंज व बोर लावण्याचे काम त्याच वर्षी हाती घ्यावे. शेवगा वर्षाच्या आतच फुलू लागतो. करंजाला मात्र चार-सहा वर्षे लागतात, आणि मे महिन्याच्या तोंडावर या माळरानात मधमाशीला आधार असतो तो त्याचाच. सातेरी माशी पेटीपासून साधारण एक किलोमीटरच्या परिसरातच चरते. तेव्हा झाडे गावाच्या दुसऱ्या टोकाला न लावता पेट्यांच्या आसपासच्या बांधांवर लावावीत.